वर्तुळातली रेघ आणि गॅरेजमधले बूट

पत्र:

ताई, स. न. वि. वि.

मी मूळचा सांगलीकडचा. मेलबर्नला येऊन अकरा वर्षं झाली, टार्नीटला राहतो. थोरला मुलगा सोळा वर्षांचा आहे. उंची 194 सेंटिमीटर, वजन 91 किलो. आमच्या घराण्यात एवढा उंच कोणी झाला नाही. शाळेतल्या मित्रांच्या नादानं फूटी, म्हणजे इथला ऑस्ट्रेलियन फुटबॉल, खेळायला गेला आणि कोचनं उंची बघून त्याला रकमन केलं, म्हणजे वर टाकलेल्या चेंडूसाठी दोन्ही संघांतून जो एकेक गडी भिडतो तो. दोन सीझन त्यानं अंगाच्या जोरावर गाजवले. मधल्या वर्तुळात चेंडू वर गेला की हा वर्तुळातली मधली रेघ ओलांडून समोरच्याला कमरेनं रेटायचा आणि निवांत टॅप घ्यायचा, म्हणजे चेंडू हातानं आपल्या सोबत्याकडे ढकलायचा. यंदा आमच्या लीगनंही एएफएलसारखा (फूटीची सगळ्यात मोठी लीग) नियम घेतलाय : रेघ ओलांडून समोरच्याला भिडायचं नाही. सरावाच्या दोन मॅचमध्ये याच्याविरुद्ध पाच फ्री किक गेल्या. पाचव्या वेळी यानं अंपायरकडे बघून दोन्ही हात पसरले, तसं कोचनं बाहेर बसवलं. आता त्याच्या जागी बास्केटबॉल खेळणारा एक काटकुळा मुलगा उभा राहतो. चिरंजिवांनी घरी येऊन बूट गॅरेजमध्ये भिरकावले. म्हणाला, ‘त्यांनी गेमच बदलला, मी कशाला खेळू?’

मला त्याचं म्हणणं पटतं. मी कॉलेजात कबड्डी खेळलोय. नियम म्हणजे नियम, ते असे दरवर्षी बदलतात का? कोचशी बोलू का? वजन उतरवायला सांगू का? की सरळ क्रिकेटकडे वळवू?

— वैतागलेला बाप

उत्तर:

नमस्कार,

आधी बुटांचं. ते उचलून आणू नका, धुऊही नका. आमच्या क्लबात मी बरीच वर्षं टीम मॅनेजरगिरी केली आहे. ज्यांना खरंच सोडायचं असतं ती पोरं बूट भिरकावत नाहीत. ती एका मंगळवारी प्रॅक्टिसला येत नाहीत, मग गुरुवारी येत नाहीत, आणि पुढे कधीतरी त्यांची आई संघाचा जम्पर धुऊन, घडी घालून आणून देते. तुमच्याकडे अजून आदळआपट चालू आहे. म्हणजे जीव गुंतलेला आहे.

आता त्याचं म्हणणं. गेम बदलला हे खरं आहे. पण ‘माझा गेम काढून घेतला’ असं जर त्याला वाटत असेल, तर त्याचा हा गेम आला कुठून ते त्याला सांगायला हवं. अंगानं रेटून टॅप घेण्याची रकमनची जी पद्धत त्याला येते, ती काही खेळाबरोबर जन्माला आलेली नाही. तीसुद्धा एका नियमाचीच लेक आहे.

पूर्वी सेंटर बाउन्सला, म्हणजे अंपायर मधल्या वर्तुळात चेंडू आपटून उसळवायचा तेव्हा, रकमन लांबून धावत यायचे आणि हवेत एकमेकांवर आदळायचे. उडी घेताना पुढचा गुडघा वर असतो, तो समोरच्याच्या गुडघ्यावर बसायचा आणि सांध्यातला मागचा लिगामेंट जायचा. अशा दुखापती इतक्या वाढल्या की 2005 साली एएफएलनं मधल्या 3 मीटर व्यासाच्या वर्तुळाभोवती 10 मीटर व्यासाचं दुसरं वर्तुळ आखलं. रकमननं त्याच्या आतूनच निघायचं. धाव चार पावलांवर आली. गुडघे वाचले, ते वाचायलाच हवे होते. पण धाव गेली की उडीतली हवाही जाते. मग दोघं जण जवळजवळ जमिनीवरच भिडायला लागले, आणि ज्याचा पाय पक्का, ज्याची कंबर जड, त्याचं फावलं. उंच आणि वजनदार माणसाची किंमत वाढली. फ्रीमँटलचा आरन सँडिलँड्स, 211 सेंटिमीटर. त्याच्या अंगाला अंग लावून उभं राहणं म्हणजे फ्रिज ढकलण्यातला प्रकार होता. त्या काळातही वेस्ट कोस्टच्या निक नायटनुईसारखा हवेत झेपावणारा होता, पण त्याचं अप्रूप वाटायचं ते तसे फार नव्हते म्हणूनच.

म्हणजे 2005 च्या रेषेनं उडीवाल्यांच्या ताटातलं काढून रेटणाऱ्यांच्या ताटात वाढलं. 2026 मध्ये एएफएलनं ते उलटं केलं : सेंटरला समोरच्याच्या बाजूला जाऊन त्याला रेटायचं नाही, आपल्या बाजूनं उडी घ्यायची. त्याच वर्षी अंपायरनं चेंडू जमिनीवर आपटून उसळवायची पद्धतही बंद झाली, आता तो सरळ वर फेकतात. या दोन गोष्टी मला एकमेकींना धरून दिसतात. आपटलेला चेंडू कधी डावीकडे जायचा, कधी उजवीकडे. कुठे जाईल त्याचा नेम नसेल तर समोरच्याला अंगानं अडवून ठेवणं हा शहाणपणाचा विमा होता. फेकलेला चेंडू सरळ जातो, वेळ साधता येते, आणि वेळ साधणाऱ्या काटकुळ्याचं पारडं जड होतं. तुमच्या क्लबातल्या बास्केटबॉलवाल्याला हे आयतंच येतं. तो लहानपणापासून टिप-ऑफला, बास्केटबॉल सुरू करणाऱ्या उडीला, हेच करत आलाय.

जाता जाता सांगते, बाउन्स गेला याचं मला वाईट वाटलं. कोरड्या मैदानावर चेंडू आपटल्याचा तो आवाज आणि त्यावर एकदम उठणारा गलका यासाठी मी पोराबाळांना घेऊन ट्रेननं एमसीजीला गेले आहे. पण माझ्या ओळखीतला एक चांगला अंपायर केवळ बाउन्स नीट जमत नाही म्हणून वर जाऊ शकला नाही, आणि दुसऱ्याची पाठ गेली. त्यांच्या बाजूनं बघितलं की माझी हळहळ आवरती घ्यावी लागते.

आता तुमच्या ‘नियम म्हणजे नियम’ याबद्दल. दादा, तुम्ही कबड्डीवाले आहात आणि हे तुम्ही म्हणताय? तुमच्या कॉलेजच्या दिवसांत आघाडी मिळाली की चढाईपटू काय करायचा? निदान रेषा ओलांडायचा, दोन गिरक्या घ्यायचा आणि हात हलवत परत यायचा. प्रेक्षक शिट्ट्या मारायचे. मग प्रो कबड्डीत ‘डू ऑर डाय’ आली : दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणायचा, नाहीतर बाद. हेतू काय होता? चढाईपटूनं आक्रमण करावं. झालं काय? चतुर कोपरारक्षकांची चंगळ झाली. गडी येणारच, त्याला यावंच लागणार, हे ठाऊक असल्यावर त्यांनी नुसतं थांबून पकड करायला सुरुवात केली. नियम केला चढाईसाठी आणि हातभार लागला पकडीला. चढाई करायची कला मेली का? नाही. रिकाम्या चढाईची सोय तेवढी गेली.

फूटीत तर हा लपंडाव दीडशे वर्षांहून अधिक काळ चाललाय. 1859 च्या मे महिन्यात मेलबर्न क्लबच्या मंडळींनी पहिले दहा नियम लिहिले. त्यांत जमिनीवरचा चेंडू हातानं उचलायलाही बंदी होती. आज तुमचा मुलगा वाकून चेंडू उचलतो आणि पळतो ते त्या दहा नियमांनुसार चुकीचं आहे. मधल्या दोन खांबांच्या बाजूनं गेलेल्या चेंडूला एक गुण, ती बिहाइंड, निकालात धरायला 1897 उजाडलं. मैदानाबाहेर थेट हवेतून लाथाडला तर फ्री किक, हे 1969 चं. सेंटरला सगळी गर्दी उसळायची म्हणून 1973 मध्ये तिथे चौकट आखली, आधी पतंगाच्या आकाराची, दोन वर्षांनी चौरस, आणि प्रत्येकी चारच गडी आत. तुमच्या मुलाला ज्या मोकळ्या जागेत दोन सीझन मिरवता आलं ती जागासुद्धा नियमानंच मोकळी करून दिलेली आहे.

माझा सगळ्यात आवडता किस्सा 2008 च्या ग्रँड फायनलचा. हॉथॉर्न विरुद्ध जीलाँग. गोलला सहा गुण आणि बिहाइंडला एक, हे तुम्हाला माहीत आहेच. बचाव करणाऱ्यानं स्वतःच चेंडू आपल्या खांबांमधून पलीकडे नेला तर समोरच्याला एकच गुण मिळतो, आणि वर चेंडू पुन्हा बचाव करणाऱ्याकडेच येतो. हॉथॉर्ननं त्या दिवशी हेच केलं. अंगावर आले की ढकल मागे, एक गुण दे, पुन्हा नव्यानं सुरू कर. अकरा वेळा. जीलाँगचा स्कोअर 11 गोल 23 बिहाइंड, 89. हॉथॉर्न 18 गोल 7 बिहाइंड, 115. तेवीसमधल्या अकरा बिहाइंड हॉथॉर्ननं दान केलेल्या! त्यात नियमाविरुद्ध काहीही नव्हतं. पुढच्या वर्षी नियम आला की मुद्दाम मागे ढकललात तर समोरच्याला गोलसमोर फ्री किक. पण हॉथॉर्नचा कप कोणी परत मागितला नाही, आणि त्यांची पोरं खेळायचीही थांबली नाहीत. त्यांनी पुढे 2013, 2014, 2015 असे सलग तीन जिंकले.

हे एवढं सांगितलं ते एका गोष्टीसाठी. नियम करणारे एक दार लावतात, कोच दुसरी खिडकी शोधतात. 2000 साली एसेन्डननं अख्ख्या सीझनमध्ये एकच मॅच हरली, ती वेस्टर्न बुलडॉग्सविरुद्ध, कारण त्यांचा कोच टेरी वॉलेसनं जवळपास सगळा संघ मागे नेऊन गोलसमोर माणसांची भिंत उभी केली. ही गर्दी मोडायला 2019 मध्ये 6-6-6 आलं : सेंटरच्या वेळी प्रत्येक संघाचे सहा मागे, सहा मध्ये, सहा पुढे. त्यानं स्कोअर वाढतील म्हणून गाजावाजा झाला. त्या सीझनमध्ये ते वाढले नाहीत, उलट थोडे घसरलेच. एकदा चेंडू खेळात आला की सगळे पुन्हा मागे धावतात, त्याला कोण अडवणार? पण एक भलतीच गोष्ट झाली. शेवटच्या दोन मिनिटांत पुढे असलेल्या संघाला सेंटरच्या वेळी मागे जादा माणसं पेरून ठेवता येईनात. सेंटर जिंकला की गोलपर्यंत रस्ता मोकळा. म्हणजे शेवटच्या क्षणी रकमनच्या एका टॅपची किंमत वाढली. नियम करणाऱ्यांच्या डोक्यात ते कितपत होतं कोण जाणे.

2021 च्या ‘स्टँड’ नियमाची गंमतही तीच. समोरच्यानं किक हवेत झेलली की तो ‘मार्क’. त्या जागेवर, मार्कवर, त्याच्यासमोर उभ्या असलेल्यानं जागचं हलायचं नाही, अंपायर ‘स्टँड’ म्हणून ओरडतो. कोचांनी काय केलं? मार्कवर माणूस उभाच करायचा नाही, पाच मीटर मागे सरकून मोकळं राहायचं. तुमच्या मुलाचा कोच हे शिकवत असेल तर चकित होऊ नका.

तर आता मुद्द्याचं. मुलाला बसवा आणि एक साधा हिशेब मांडा. सेंटरची लढत किती वेळा होते? चार क्वार्टर सुरू होताना चार, आणि प्रत्येक गोलनंतर एक. त्यांच्या वयोगटात दोन्ही संघांचे मिळून बारा गोल झाले असं धरा. सोळा लढती. नवीन रेघ फक्त त्या सोळांना लागू आहे. मैदानात इतरत्र चेंडू अडकला की जे बॉल-अप होतात, बाउंड्री अंपायर पाठमोरा उभा राहून डोक्यावरून जे थ्रो-इन करतो, तिथे त्याच्या 91 किलोंना कोणी हात लावलेला नाही. तिथे समोरच्याला अंगानं मागे ठेवून जागा धरायला अजूनही मुभा आहे. हातानं धरणं, ढकलणं तेव्हाही चुकीचं होतं, आताही आहे. त्याला पाच फ्री किक गेल्या, पण त्या सगळ्या सेंटरच्या होत्या का? तुम्ही लिहिलेलं नाही. माझा अंदाज आहे की एखाददुसरी थ्रो-इनला कोपर लावल्याची असणार. ती नव्या नियमाच्या खात्यावर टाकू नका.

दुसरं, एएफएलनं 2026 मध्ये आणखी एक नियम आणलाय आणि मला तो रेघेपेक्षा मोठा वाटतो. दोन्ही गोलांपासून 50 मीटरवर आखलेल्या कमानींच्या मधल्या पट्ट्यात, एखाद्याच्या किकनं किंवा हँडबॉलनं (एका हातातला चेंडू दुसऱ्या मुठीनं मारून दिलेला पास) गेलेला चेंडू कोणालाही न लागता बाहेर गेला, तर समोरच्या संघाला फ्री किक. साउथ ऑस्ट्रेलियाच्या लीगमध्ये अशाच धाटणीचा नियम 2016 पासून आहे, महिलांच्या एएफएलमध्येही आधीच आला. तुमच्या लीगनं हा घेतलाय का ते आजच विचारा. एएफएलचा प्रत्येक नियम खालच्या लीगला आपोआप लागू होत नाही, प्रत्येक लीग आपापलं ठरवते, आणि अर्ध्या पालकांना हे ऑगस्टपर्यंत कळत नाही.

घेतला असेल तर त्याचा रकमनवर काय परिणाम होतो बघा. आजवर बचावात अडकलेला संघ काय करायचा? रेषेच्या कडेनं लांब किक. चेंडू घरंगळत बाहेर गेला तर गेला, थ्रो-इन होईल, श्वास घेऊ. आता ती किक बाहेर गेली तर फुकटची फ्री किक. त्यामुळे थ्रो-इन कमी होणार, आणि रकमनच्या लढतीही. इथपर्यंत वाईट बातमी. पण कडेनं लांब किक मारायची गरज संपलेली नाही, कारण मधून जायला धाडस लागतं. मग ती किक कोणाच्या डोक्यावर टाकायची? जो ती पकडेल किंवा निदान तिला हात लावेल त्याच्या. आता नीट बघा. हवेत कोणी तो चेंडू मुठीनं ठोसला आणि मग तो बाहेर गेला, तर ते ‘डिस्पोजल’, म्हणजे किक किंवा हँडबॉल, धरत नाहीत, मूठ मारणं म्हणजे हँडबॉल नव्हे. थ्रो-इनच होतो. म्हणजे कडेला, चेंडू पडायच्या जागी, 194 सेंटिमीटरचा दणकट गडी उभा असेल तर तीन गोष्टी होऊ शकतात : त्यानं मार्क घेतला, उत्तम. समोरच्यानं ठोसला, थ्रो-इन, आणि तिथे पुन्हा आपलाच दणकट गडी. आणि गडी तिथे नसेल तर चेंडू बाहेर आणि फ्री किक समोरच्यांना. त्या जागी काटकुळा मुलगा टिकणार नाही. दोन माणसं मागून अंगावर येत असताना उभं राहायला जे लागतं ते तुमच्या मुलाकडे आहे.

म्हणून त्यानं यंदा शिकायचं ते हे : डोक्यावरचा मार्क, मागून धक्का बसत असताना. गुरुवारी प्रॅक्टिस संपल्यावर पंधरा मिनिटं. एकानं लांबून उंच चेंडू टाकायचा, दुसऱ्यानं पॅड घेऊन मागून रेटायचं. पॅडवाला तुम्ही व्हा. कबड्डीत पकडीला जे पाय लावायचा ते इथे लावा, बघा पोरगा हलतो का.

उडीही शिकू दे. तीन पावलं, एका पायावर, दोन्ही पायांवर आलटून पालटून. पण सोळाव्या वर्षी, एवढी उंची झपाट्यानं आलेली असताना, 91 किलो अंगानं रोज उड्या मारणं गुडघ्यांना झेपेल का ते आधी फिजिओला दाखवून घ्या. 2005 चं वर्तुळ गुडघ्यांसाठीच आखलं होतं, हे विसरू नका. आणि वजनाचं नाव काढू नका. वाढत्या वयात उपाशी राहून कोणी उंच उडत नाही, नुसता चिडका होतो. तो चिडका तुमच्याकडे आधीच आहे.

एक नाव त्याला शोधायला सांगा : पॉली फार्मर. 1962 पासून जीलाँगकडून खेळलेला रकमन. उंची 191, म्हणजे तुमच्या मुलापेक्षा कमी. त्यानं खेळ बदलला तो टॅपनं कमी आणि त्यानंतरच्या हँडबॉलनं जास्त. चेंडू हातात घ्यायचा आणि धावत्या सोबत्याला लांबवर अचूक द्यायचा. सांगतात की गाड्यांच्या उघड्या खिडक्यांमधून चेंडू मारून तो हा नेम धरायचा. 2019 पासून तर रकमननं लढतीत चेंडू सरळ हातात घेतला तरी त्याला लगेच ‘संधी मिळाली होती’ असं धरत नाहीत, पकडला गेला तरी त्याच्याविरुद्ध फ्री किक न जाता निकाल बॉल-अपचा लागू शकतो. म्हणजे दणकट हातांच्या रकमनला टॅपशिवाय दुसरा पर्याय उघडा आहे. तुमच्या गॅरेजला खिडकी असेल तर बूट तिथेच आहेत, चेंडूही न्या.

कोचशी बोलायचं का? तुम्ही नाही. तो बोलेल. मॅचच्या दिवशी नाही, गुरुवारी, सराव सुरू व्हायच्या आधी दहा मिनिटं. आणि ‘मला माझी जागा द्या’ असं नाही. ‘सेंटरला तो राहू दे, थ्रो-इन आणि पुढच्या टोकाचे बॉल-अप मला द्याल का?’ असं. 2017 पासून लढतीत तिसऱ्यानं उडी मारायला बंदी आहे, त्यामुळे दोन रकमननी आलटून पालटून उभं राहणं ही कोचची गरजच असते. मोठ्या एएफएलमध्येही 2026 पासून राखीव ‘सब’ (बदली गडी) जाऊन बेंचवर पाच जण झालेत, तिथे दुसऱ्या रकमनला जागा मिळायला ते बरंच आहे असं मला वाटतं. काटकुळ्या मुलाशी वैर कशाला, त्याच्याकडून उडी शिकावी आणि त्याला मार खायला शिकवावं.

हात पसरण्याबद्दल मात्र मी तुमच्या कोचच्या बाजूनं आहे. 2022 पासून एएफएलमध्ये अंपायरकडे बघून नुसते हात पसरले तरी समोरच्यांना 50 मीटर पुढे नेणारा दंड बसू लागला. खूप आरडाओरडा झाला, ‘भावना व्यक्त करायच्या नाहीत का’ वगैरे. पण कारण खालच्या पातळीवरचं होतं : अंपायर मिळेनासे झाले होते. रविवारी सकाळी त्या हिरव्या नाहीतर पिवळ्या शर्टात जे धावत असतं ते बऱ्याचदा पंधरा वर्षांचं पोर असतं. माझी मुलगी त्या वयात बाउंड्री अंपायर होती. एका बापानं तिला रेषेपलीकडून जे ऐकवलं त्यानंतर ती गाडीत सीटबेल्ट न लावता दहा मिनिटं नुसती बसली होती. मी त्या बापाला ओळखत होते, चांगला माणूस. तुमच्या मुलानं त्या अंपायरला पुढच्या मॅचआधी जाऊन नियम विचारावा : ‘रेघेवर पाय आला तर चालतो का, की संपर्क झाला तरच?’ तो आनंदानं सांगेल. नव्या नियमाची कुठपर्यंत सूट देणार हे ज्याच्या शिट्टीवर ठरतं त्यालाच विचारलेलं बरं.

राहिलं क्रिकेट. तिथे नियम बदलत नाहीत हे तुम्हाला कोणी सांगितलं? आयपीएलमध्ये 2023 ला इम्पॅक्ट प्लेअर आला आणि थोडी बॅटिंग, थोडी बॉलिंग करणाऱ्यांच्या पोटावर पाय आला, रोहित शर्मानंही त्यावर उघड नाराजी सांगितली होती. शिवाय वळवायचं कशाला? इथे क्रिकेट उन्हाळ्यात आणि फूटी हिवाळ्यात. दोन्ही खेळू दे. फास्ट बॉलिंगला ती उंची वाया जाणार नाही.

आणि तुमच्यासाठी एक काम. पुढच्या मॅचला बाउंड्रीवर ओरडत उभं राहण्याऐवजी एक वही घ्या. तीन रकाने : सेंटर, बॉल-अप, थ्रो-इन. प्रत्येक लढतीला एक टिंब, आपण जिंकली तर त्याभोवती गोल. चौथा रकाना कडेच्या लांब किकचा, त्यापुढे काय झालं ते एका शब्दात : मार्क, ठोसा, बाहेर. मुलाला घरी आल्या आल्या दाखवू नका. जेवण झाल्यावर टेबलावर ठेवून द्या, तो बघेल. पेन्सिल वापरा, शाईचं पेन मेलबर्नच्या पावसात टिकत नाही. आणि पहिल्या दोन क्वार्टरमधल्या ब्रेकला संत्र्याच्या फोडी घेऊन जायची पाळी कोणाची आहे ते टीम मॅनेजरला विचारून घ्या. नवीन पालक ते हमखास विसरतात आणि मग आम्हाला डबे हुडकत फिरावं लागतं.

— ताई